दोन भत्ते

आपण मराठीत ज्याला पोटगी म्हणतो, त्याला इकडे दिल्लीत गुजारा भत्ता म्हणतात. नोकरीसाठी प्रथम येथे आलो तेव्हा हा शब्द ऐकून मला हसू आले होते. सरकारी कारकुनाला ‘भत्ता’ या शब्दाची इतकी सवय असते की, त्याच्यामागे कोणतेही विशेषण लावले तरी तो मनातल्या मनात मूळ वेतनाचे शेकडेवारीने गणित मांडू लागतो. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि त्यांच्याच पंक्तीला हा गुजारा भत्ता! मोडलेल्या संसारासाठीही सरकारने एखादा वेतन आयोग नेमला आहे की काय, असे वाटावे. पोटगी या शब्दाने असा घोटाळा होत नाही. त्यात उघड उघड पोट आहे, आणि ते उपाशी राहू नये एवढीच त्याची मागणी आहे.

या दोन शब्दांची पुन्हा आठवण होण्याचे कारण माझी नोकरी. आमच्या शाखेत दरमहा वीस तारखेच्या सुमारास पगाराची बिले तयार होतात. आता ती संगणकावर होतात, पण कपातीचे रकाने पूर्वीचेच आहेत: भविष्य निर्वाह निधी, विमा, प्राप्तिकर, सोसायटीचा हप्ता. कधीकधी या रकान्यांच्या शेजारी न्यायालयाच्या हुकमाने आणखी एक रक्कम येऊन बसते. ती असते पोटगीच्या वसुलीची. अशाच एका बिलाच्या निमित्ताने मी दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम वाचले. साध्या कर्जासाठी पगारावर जप्ती आली, तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश एवढा पगार नोकराकडे सोडावा लागतो. जप्ती पोटगीची असली, तर त्याचा एक तृतीयांश पगारच काय तो सुरक्षित राहतो. सावकारापेक्षा पोटाचा हक्क मोठा, हे कायद्याने असे आकड्यांत सांगून ठेवले आहे. ते वाचून मला कायद्याविषयी प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

पण बिले करता करता एक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. महागाई भत्ता वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांपासून, बदलतो. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून तो ठरतो. हा निर्देशांक श्रम ब्यूरो काढतो. तेलातुपाचे, भाडेपट्टीचे, औषधपाण्याचे भाव चढले की निर्देशांक चढतो, निर्देशांक चढला की भत्ता चढतो. त्यासाठी कोणा कारकुनाला कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या तेव्हा हा भत्ता शून्यावर आला होता. १ जानेवारी २०२४ रोजी तो मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊन पोचला. मधे करोनाच्या साथीत जानेवारी २०२० ते जानेवारी २०२१ या काळातले तीन हप्ते सरकारने गोठवले, तर आमच्या कॅन्टीनमध्ये दीड वर्ष दुसरा विषय नव्हता. आणि त्याच बिलात कपातीच्या रकान्यात बसलेली पोटगीची रक्कम मात्र २०१४ साली होती तीच २०१९ मध्ये, तीच २०२३ मध्ये. वरच्या रकान्यात एक भत्ता दर सहा महिन्यांनी वाढतो आहे, आणि खालच्या रकान्यात दुसरा भत्ता दगडासारखा पडून आहे. दोघांची बाजारपेठ एकच. दोघांनाही त्याच भावाने डाळ घ्यावयाची.

कायद्यानेच असे केले आहे काय, म्हणून मी चौकशी केली. तसे नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या २५ व्या कलमात कायम स्वरूपाच्या पोटगीची तरतूद आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा होताना, किंवा त्यानंतरही केव्हाही, ती मागता येते. पत्नीला मागता येते तशी पतीलाही मागता येते. याच कलमाचे दुसरे उपकलम सांगते की, हुकूम झाल्यानंतर दोघांपैकी कोणाच्याही परिस्थितीत बदल झाला, तर दोघांपैकी कोणाच्याही अर्जावरून न्यायालय त्या हुकमात फेरफार करू शकते किंवा तो रद्दही करू शकते. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांच्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही ३७ व्या कलमात हाच आशय आहे. फौजदारी कायद्याखाली दंडाधिकारी जी पोटगी ठरवतात तिच्या बाबतीत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२७ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या १४६ व्या कलमाने घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, अर्थ राहिला. पोटगीचा आकडा हा शिलालेख नव्हे. परिस्थिती बदलली की तो बदलू शकतो. फक्त कोणीतरी जाऊन तसे म्हटले पाहिजे.

ही ‘फक्त’ एवढी अट किती जड असते, ते मला माझ्या ताईमुळे कळले.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. अकोल्याला राहते. २०१३ साली तिचा घटस्फोट झाला तेव्हा न्यायालयाने तिला दरमहा ६,००० आणि तिच्या मुलाला, तो सज्ञान होईपर्यंत, ३,००० रुपये बांधून दिले. त्या वेळी मुलगा आठ वर्षांचा होता. समोरच्या गृहस्थांची नोकरी खासगी कारखान्यातली, पण बऱ्या पगाराची. पुढे त्यांना बढत्याही मिळाल्या. पैसे मात्र त्यांनी नियमित पाठवले, हे सांगितले पाहिजे. बारा वर्षांत दोनचार महिने मागेपुढे झाले असतील, बुडाले नाहीत. घरी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन ताईने बाकीचे भागवले.

मग २०२३ साली मुलगा अठरा वर्षांचा झाला, आणि त्याचे ३,००० रुपये त्या महिन्यापासून बंद झाले. कोणाला अर्ज करावा लागला नाही, तारीख पडली नाही. हुकमातच तसे लिहिले होते. मुलगा सज्ञान झाला तो बारावीच्या वर्षात, म्हणजे त्याच्या खऱ्या खर्चाला जेव्हा तोंड लागले तेव्हा. घराचे भाडे दहा वर्षांत दुपटीपलीकडे गेले होते. ताईचे ६,००० रुपये ६,०००च होते. बंद होणे आपोआप आणि वाढणे अर्जाने, असा हा हिशेब.

मी तिला म्हणालो, “ताई, वाढवून मागायला हरकत काय? कायदा तुझ्या बाजूचा आहे.”

ती म्हणाली, “अरे, कायदा बाजूचा आहे हे मला ठाऊक आहे. पण अर्ज करायचा म्हणजे पुन्हा त्या घराच्या दारात जाऊन उभं राहायचं. दहा वर्षं मी त्या माणसाचं नावसुद्धा घेतलेलं नाही. महिन्याला बँकेत पैसे येतात, ते बँकेने दिले असं मी समजते.”

या बोलण्यावर मला एकदम उत्तर सुचले नाही. वाढ मागणे हा हक्क आहे, हे मला पटत होते. पण हक्क बजावण्यासाठी ज्या माणसापासून सुटका करून घेतली त्याच्याशीच पुन्हा वाद मांडावा लागतो, हेही खरे होते. महागाई भत्त्यासाठी आम्हांला असे करावे लागले असते, दर सहा महिन्यांनी कारकुनाने वित्त मंत्रालयाविरुद्ध अर्ज टाकून आपला घरखर्च सिद्ध करावा असा नियम असता, तर निम्म्या कारकुनांनी भत्त्याचा नाद सोडला असता.

ताईला दुसरी एक भीती होती. ती तिने बऱ्याच दिवसांनी बोलून दाखवली. “माझ्या शिकवण्यांचे पैसे कळले, तर आहे तेही जाईल.” ही भीती तिच्या एकटीची नसावी. आमच्या बृहन्महाराष्ट्र भवनातल्या गणेशोत्सवात एकदोन बाईंनी अगदी आडून आडून मला असाच प्रश्न विचारला होता. म्हणून या मुद्द्याची माहिती मी जरा खोलात जाऊन काढली.

या दिल्लीतलाच एक जुना खटला आहे. पतीपासून वेगळी राहणारी एक लघुलेखिका महिना ६०० रुपये मिळवत होती. साठीच्या दशकात ही रक्कम लहान नव्हती. तिने पोटगी मागितली. उच्च न्यायालयाने म्हटले की, पत्नीचे स्वतःचे उत्पन्न या बाबतीत बघावयाचेच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मत फिरवले: पत्नीचे उत्पन्नही हिशेबात धरले पाहिजे. एवढेच वाचले तर ताईची भीती खरी वाटते. पण हिशेबात धरणे वेगळे आणि हक्क बुडणे वेगळे. २०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीविषयी देशभरच्या न्यायालयांना सविस्तर मार्गदर्शन केले, त्यात हे स्पष्ट आहे. पत्नी मिळवती आहे एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही; तिची मिळकत तिच्या निर्वाहाला, ती ज्या राहणीत नांदत होती त्या मानाने, पुरेशी आहे का, हे पाहावयाचे. त्याच निकालाने दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडले पाहिजेत असा दंडक घातला. तेव्हा ताईच्या शिकवण्या जशा कागदावर येतील, तशाच समोरच्याच्या बढत्याही येतील. दोन पारडी असल्यावाचून तराजू होत नाही.

समोरच्या पारड्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर हा लेख भावाचा लेख होईल.

आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी होते, मूळचे रोहतकचे. त्यांच्या पगारातून दरमहा पोटगी कापली जाई. २०२४ साली ते निवृत्त झाले. जुन्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन, म्हणजे मूळ वेतनाच्या निम्मे. निरोपसमारंभाच्या दिवशी ते मला म्हणाले, “चला, नोकरी संपली, गुजारा भत्ताही संपला.” त्यांचा समज असा की, हुकूम पगारावर आहे, पगार गेला की हुकूम गेला. त्यांनी पैसे पाठवणे थांबवले. पण हुकूम माणसावर असतो, आणि हुकूम कधी निवृत्त होत नाही. दंडाधिकाऱ्याने ठरवलेली पोटगी थकवली, तर थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. सात महिन्यांनी वॉरंट येण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी धावपळ करून अर्ज केला. न्यायालयाने त्यांचे निवृत्तिवेतन पाहून रक्कम कमी केली, पण अर्जाच्या तारखेपासून. मागची सात महिन्यांची थकबाकी त्यांना जुन्याच दराने, उपदानाच्या पैशांतून, भरावी लागली. त्यांच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी व्हावयाचे होते. निवृत्तीच्या दिवशी न थांबता तोच अर्ज आधी केला असता, तर त्या पैशांतला पुष्कळ भाग वाचला असता.

म्हणजे देणाऱ्याचीही तीच अडचण. निवृत्ती, आजारपण, नोकरी सुटणे, नव्या जबाबदाऱ्या ही सगळी परिस्थितीतल्या बदलाची कारणे आहेत, पण ती आपोआप बोलत नाहीत. नव्या संसाराचेच पाहा. पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात पतीचा पगार वाढला म्हणून उच्च न्यायालयाने पोटगी १६,००० वरून २३,००० केली. पतीने दुसरे लग्न केले होते, त्याला मूलही झाले होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने वाढ योग्यच ठरवली, निव्वळ पगाराच्या २५ टक्के हे प्रमाण रास्त मानले, आणि नव्या कुटुंबाचा विचार करून रक्कम २०,००० वर आणली. पगार वाढला तो एका पारड्यात पडला, मूल झाले ते दुसऱ्या. पतीने दुसरे लग्न केले म्हणून पहिलीचा हक्क संपला, असे मात्र कोणी म्हटले नाही.

पोटगी घेणाऱ्याने पुन्हा लग्न केले तर? मूळ कायद्यात शब्द असे होते की, न्यायालयाने हुकूम रद्द केलाच पाहिजे. पत्नीच्या शीलाबद्दलची अटही तेथेच होती. १९७६ च्या दुरुस्तीने ही सक्ती काढून न्यायालयाला फेरफार करण्याची किंवा रद्द करण्याची मुभा दिली. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाखालची पोटगी मात्र घटस्फोटितेने पुन्हा लग्न केले की त्या तारखेपासून रद्द होते. शीलाची अट अजून कायद्यात आहे, आणि तिचा धाक दाखवून बायकांना गप्प बसवणारे लोक मी पाहिले आहेत. शीलावर संशय घेणे सोपे आहे. न्यायालयाचे समाधान होईल असा पुरावा देणे तितके सोपे नाही, एवढे अशा बायकांना कोणीतरी सांगावयास हवे. आणखी एक गोष्टही सांगावयास हवी. एकरकमी पैसे घेऊन प्रकरण मिटवले, की पुढे महागाईचे कारण सांगून ते पुन्हा उघडणे फार कठीण. एकरकमीत मोकळेपणा आहे, पण वाढीचा रस्ता त्यात बहुधा बंद होतो. सही करण्यापूर्वी पुढच्या वीस वर्षांचे गणित करून पाहावे.

गोठलेल्या आकड्याची ही खोड आजची नाही. १८९८ च्या फौजदारी संहितेत पोटगीला महिना ५० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती पुढे १०० झाली आणि १९५५ साली ५०० झाली. १९७३ साली संपूर्ण नवी संहिता लिहिली गेली, तेव्हाही तो आकडा ५०० च राहिला. २००१ साली संसदेने मर्यादाच काढून टाकली, तोपर्यंत केंद्रीय कायद्यात तो ४६ वर्षे जागचा हलला नव्हता. त्या ४६ वर्षांत केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी चार वेतन आयोगांच्या शिफारशी अमलात आणल्या.

अलीकडे मात्र न्यायालयांचे या खोडीकडे लक्ष गेले आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटितेची पोटगी २०,००० वरून ५०,००० रुपये केली, आणि हुकमातच लिहिले की, दर दोन वर्षांनी तीत ५ टक्के वाढ व्हावी. माझ्या कारकुनी मनाला हे ५ टक्के त्या ५०,००० पेक्षा मोलाचे वाटले. त्या बाईला दर दोन वर्षांनी कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. महागाई भत्ता जसा न मागता येतो, तशी थोडी तरी पोटगी न मागता येईल. प्रत्येक हुकमात असे एक वाक्य असावे, असे मला मनापासून वाटते. वकिलाला ते सुचले नाही तर पक्षकाराने सुचवावे. घटस्फोटाच्या दिवशी माणसाचे मन ठिकाणावर नसते. अशा वेळी जवळच्या नातलगाने एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

ज्यांच्या हुकमात ते वाक्य नाही, त्यांना अर्जाचाच मार्ग. त्यासाठी बहुधा ज्या न्यायालयाने हुकूम दिला तेथेच जावे लागते. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसांना ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हुकूम नागपूरचा, नोकरी दिल्लीची, घर गाझियाबादचे, असे आपल्यात पुष्कळ आहेत. रजा शिल्लक नाही म्हणून अर्ज राहतो, आणि अर्ज राहिला की रक्कम राहते. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाखालची थकबाकी असेल, तर ती एका वर्षाच्या आत मागितली पाहिजे, नाहीतर वॉरंटचा मार्ग बंद होतो. दूर राहणाऱ्याला वर्ष कसे जाते ते कळतही नाही.

ताईशी माझे पुढे एकदा बोलणे झाले. मी तिला या लेखातले बरेचसे सांगितले, पण तिचे मन वळले ते माझ्या कलमांनी नव्हे. ती हिशेबाची वही ठेवते. लग्नाआधीपासून ठेवते. प्रतिज्ञापत्रात खर्च लिहावा लागतो असे मी म्हटल्यावर तिने २०१३ ची वही काढली आणि चालू वर्षाची तिच्याशेजारी ठेवली. भाडे, वीज, गॅस, किराणा, आईचे औषध. तिने दोन्ही वर्षांची बेरीज केली आणि बराच वेळ गप्प बसली.

मग म्हणाली, “यात त्याचं नाव कुठेच नाही रे. हा नुसता घरखर्च आहे.”

मी म्हटले, “अर्जातसुद्धा तेवढंच लिहायचं असतं. तो कसा वागला, तू कशी वागलीस, हे तेव्हाच संपलं. आता पोटाचं काय, एवढंच विचारतात.”

“मग लिही,” ती म्हणाली, “पण शिकवण्यांचे पैसे आधी लिही. लपवून काही मागायचं नाही.”

आम्ही अर्ज लिहिला. शिकवण्यांची मिळकत पहिल्या परिच्छेदात आहे. रक्कम आम्ही १४,००० मागितली आहे आणि दर दोन वर्षांनी वाढ मागितली आहे. समोरच्या गृहस्थांनी आपले म्हणणे दिले आहे. त्यांच्या वडिलांचे मोठे आजारपण झाले, असे त्यांत लिहिले आहे, आणि ते खरे आहे. त्याचा विचार होईल, आणि झालाही पाहिजे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मी चार दिवसांची रजा आताच टाकून ठेवली आहे.